न्यू जर्सीत लेकीची ऑटिझमची तपासणी करून घेतली, त्या सेंटरचा रिव्ह्यू: पाचपैकी चार स्टार

सेंटरचं नाव इथे लिहीत नाहीये कारण काही गोष्टींवर मी नाराज पण आहे आणि नाव घेऊन कोणाला दुखवायचं नाहीये, एवढंच सांगते की मध्य न्यू जर्सीतलं खाजगी सेंटर आहे, मुलांच्या विकासाची तपासणी करतात, ऑटिझम (मराठीत स्वमग्नता, यात मुलांना लोकांत मिसळणं, बोलणं वेगळं आणि अवघड जातं), एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, वाचनातल्या अडचणी वगैरे. आमची लेक तेव्हा साडेआठ वर्षांची होती. पहिला फोन केला तिथपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत अकरा महिने गेले. खर्च 3,800 डॉलर, त्यातले 1,400 इन्शुरन्सने परत दिले, ते पण दोनदा कागद पाठवल्यावर. चार स्टार देतेय. एक का कापला ते पुढे येईलच, पण आधी चार कशाचे ते सांगते, कारण ज्यांच्या घरात मुलगी आहे आणि मनात शंका आहे त्यांनी हे वाचायलाच हवं असं मला फार वाटतं.

थोडं मागचं सांगावं लागेल नाहीतर सेंटरने काय वेगळं केलं ते कळणार नाही.

इथे बाळ दीड वर्षाचं आणि दोन वर्षांचं झालं की पेडियाट्रिशियनकडे एक फॉर्म भरून घेतात, एम-चॅट म्हणतात त्याला. वीस प्रश्न, हो किंवा नाही. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे, फुकट मिळतो, पाच मिनिटांत होतो. तीन किंवा जास्त उत्तरं काळजीची आली तर पुढची चौकशी करतात. आमच्या लेकीचा स्कोअर एक आला. एकच, तो पण मिक्सरच्या आवाजाला रडते म्हणून. त्यात एक प्रश्न असतो की मूल खोटं खोटं खेळतं का, म्हणजे रिकाम्या कपातून प्यायचं नाटक, बाहुलीला भरवणं असं. मी अगदी अभिमानाने हो लिहिलं कारण ती बाहुलीला रोज भरवायची. आता मागे वळून बघते तेव्हा कळतं की ती रोज तेच करायची, त्याच वाटीतून, तेच पाच घास, घास मोजून, आणि मध्ये कोणी बाहुलीचं तोंड पुसलं तर पहिल्यापासून सुरुवात. आम्हाला वाटायचं काय शहाणी आहे, बाहुलीचं किती प्रेमाने करते. फॉर्ममध्ये "कसं भरवते" हा प्रश्नच नव्हता.

हा फॉर्म वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याने कितीतरी मुलं लवकर सापडतात. पण त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते आईबापांना कोणीतरी सांगायला हवं. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलने जवळजवळ 26,000 मुलांचा अभ्यास केला होता, 2019 मध्ये आला, त्यात ज्या मुलांना पुढे ऑटिझमचं निदान झालं त्यातली जेमतेम 39 टक्के या फॉर्मवर पकडली गेली होती. आणि मुलींच्या बाबतीत, गोरी नसलेल्या मुलांच्या बाबतीत निकाल अजूनच कमी भरवशाचा होता. हे मला कोणी सांगितलं असतं तर "स्कोअर एक आहे, काही नाही" यावर मी सहा वर्षं निवांत बसले नसते.

आणि दुसरी गोष्ट, जी अजून सलते. ती थोडी उशिरा बोलायला लागली आणि बोलायला लागली ती कार्टूनमधली आख्खी वाक्यं बोलायला लागली. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं की घरात दोन भाषा आहेत म्हणून गोंधळते, मराठी बंद करा, फक्त इंग्लिश बोला. आम्ही ऐकलं. दीड वर्षं. माझ्या सासूबाई साताऱ्याला असतात, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर "काय गं चिमणे, जेवलीस का" विचारायच्या आणि आम्ही फोन लांब धरायचो आणि म्हणायचो आई, इंग्लिशमध्ये बोला ना थोडं. त्यांना काय येणार इंग्लिश. हळूहळू त्या नुसत्या हसून हात हलवायला लागल्या आणि मग लेक फोनवर यायचीच बंद झाली. सेंटरच्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी नंतर स्पष्ट सांगितलं की दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, वाढतही नाही, दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुलं एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडतात असं अभ्यासांत दिसत नाही, घरची भाषा तोडू नका. हे ऐकून मी तिथेच रडले. मराठी बंद करायला सांगणारा सल्ला अजूनही आपल्या ओळखीतल्या लोकांना मिळतोय म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

मग शाळा. शाळेतून दर वर्षी तेच यायचं, वर्गात असली की छान वाटतं, शांत आहे, काही त्रास नाही, स्पेलिंग उत्तम. खरंच शांत होती शाळेत. घरी आली की दप्तर टाकून जिन्याखाली जाऊन बसायची, मोज्याची शिवण टोचते म्हणून मोजे फेकायची आणि कधी कधी चाळीस चाळीस मिनिटं ओरडून रडायची, हात लावू द्यायची नाही. शाळेत सांगितलं तर म्हणाले आमच्याकडे तर असं काही दिसत नाही. मग आपल्यालाच वाटायला लागतं की आपलंच काहीतरी चुकतंय. घरातले पण म्हणायचे मुलगी आहे, लाजाळू आहे, आपल्या कुटुंबात सगळे असेच अबोल. हळदीकुंकवाला कोणी आलं की ती पलंगामागे लपायची तर बायका कौतुकाने म्हणायच्या किती गुणी आहे, आवाज नाही मुलीचा. आणि इथल्या शिक्षकांच्या डोक्यात भारतीय मुलगी म्हटलं की अभ्यासू आणि शांतच असते. म्हणजे आपले लोक मुलगी म्हणून शांतपणाचं कौतुक करतात आणि इथले लोक भारतीय म्हणून, आणि दोन्हीच्या मध्ये ती एकटी.

मला ऑटिझमसाठीचा आपला स्वमग्न हा शब्द पण नीट वाटत नाही हो. शब्दावरून वाटतं स्वतःतच मग्न असलेलं मूल, कोपऱ्यात बसलेलं, कोणाकडे न बघणारं. माझी लेक सतत दुसऱ्यांकडे बघायची. मैत्रिणी कशा हसतात, केस कसे मागे टाकतात, सोमवारी एकमेकींना काय विचारतात, सगळं बघून ठेवायची आणि रविवारी रात्री बाथरूमच्या आरशासमोर "वीकेंड कसा गेला" हे वाक्य दहा दहा वेळा म्हणून बघायची. मी दाराबाहेरून ऐकलंय. मला वाटायचं खेळतेय. ती तयारी करत होती.

आता सेंटर.

पहिला फोन चाळीस मिनिटं चालला आणि त्यातच मला कळलं की हे वेगळे आहेत. फोनवरच्या बाईंनी विचारलं घरात कुठली भाषा, मी म्हटलं मराठी, आता परत थोडी थोडी सुरू केलीय, तर पुढचा प्रश्न लगेच, मग मराठीत ती कशी बोलते, कोणाशी बोलते, मराठीत पण कार्टूनसारखी वाक्यं येतात का. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मग विचारलं शाळेतून आल्यावर पहिला एक तास कसा असतो. मी पाच सेकंद गप्पच झाले कारण आमचा सगळा त्रास त्या एका तासातच होता.

फॉर्म खूप आले, साधारण दोन संध्याकाळी गेल्या भरण्यात. त्यातला एक एसआरएस नावाचा आहे, मूल लोकांमध्ये कसं वागतं त्याबद्दलचा, त्याचे मार्क मोजायचे तक्ते मुलग्यांसाठी आणि मुलींसाठी वेगवेगळे असतात, कारण सर्वसाधारण मुलींचे मार्क वेगळे पडतात, म्हणजे मुलग्यात जे फार वाटणार नाही ते मुलीत काळजीचं ठरू शकतं. हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. एक फॉर्म रोजच्या कामांबद्दल होता, स्वतः आंघोळ, कपडे, रस्ता ओलांडणं, आणि तिथे मला धक्काच बसला कारण चौथीच्या लेव्हलचं वाचणारी मुलगी रोजच्या कामात पाच वर्षांच्या मुलीएवढी निघाली. मी सगळं करून देत होते म्हणून दिसलंच नव्हतं.

आईवडिलांची मुलाखत अडीच तास. जन्मापासून. त्यांनी आधीच सांगितलं होतं जुने व्हिडिओ आणा, तर आम्ही पहिला वाढदिवस, गणपतीतला ढोलताशाचा, एक गोव्याच्या बीचवरचा असे नेले. बीचच्या व्हिडिओत सगळी भावंडं वाळूत किल्ला करतायत आणि ही शिंपले आकाराप्रमाणे रांगेत लावतेय, एकदाही मान वर नाही, मागे माझाच आवाज आहे, "बघा किती शिस्तीत लावते". नवरा ते बघून उठून बाहेर गेला थोडा वेळ.

मग एडॉस. ही ऑटिझमची सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी, साधारण 40 ते 60 मिनिटं, सायकॉलॉजिस्ट मुलाबरोबर खेळतात, गप्पा मारतात, चित्रं दाखवतात आणि कसं प्रतिसाद देतंय त्याचे मार्क. आम्ही काचेपलीकडून बघत होतो. त्यांनी विचारलं मैत्रीण म्हणजे काय. लेकीने एकदम छान उत्तर दिलं, मैत्रीण म्हणजे जी तुमच्याशी दयाळूपणे वागते आणि तुमच्याबरोबर शेअर करते, अगदी शाळेतल्या भिंतीवरचं पोस्टर. मला वाटलं झालं, पास झाली, परत तेच, काही नाही म्हणणार. पण त्या बाई थांबल्या नाहीत. तुझी मैत्रीण कोण, तिचं नाव काय, गेल्या आठवड्यात तुम्ही दोघी काय खेळलात, ती तुझ्यावर चिडली तर तुला कसं कळतं. आणि लेक गप्प. इतका वेळ गप्प की मला आत जाऊन तिला उचलून घ्यावंसं वाटलं. नंतर हळूच म्हणाली, मला कळत नाही, मी बाकीच्यांचे चेहरे बघते.

एडॉसचा आकडा सीमारेषेच्या किंचित खाली आला. हे नीट लक्षात घ्या. नुसत्या आकड्यावर गेले असते तर आम्ही परत रिकाम्या हाताने घरी. पण त्या म्हणाल्या ही चाचणी एकटीने निदान करायला नाहीच, इतिहास, घर, शाळा सगळं मिळून बघायचं असतं, आणि ज्या मुली बघून बघून शिकतात त्या एक तास मोठ्या माणसासमोर छान निभावून नेतात. 2013 मध्ये अमेरिकेत निदानाचं जे पुस्तक बदललं त्यात पण लिहिलंय की बुद्धीत किंवा बोलण्यात अडचण नसलेल्या मुली निदानातून सुटून जाऊ शकतात.

म्हणून त्या स्वतः शाळेत गेल्या. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, यासाठीच मी एक आख्खा स्टार देते. वर्गात नाही, मधल्या सुट्टीत मैदानावर. मला म्हणाल्या मैदानावरचा एक अभ्यास आहे, ऑटिस्टिक मुलगे सुट्टीत एकटे फिरताना दिसतात म्हणून शिक्षकांच्या लक्षात येतात, मुली मात्र घोळक्याच्या जवळ जवळ राहतात, आत येतात, बाहेर जातात, लांबून बघणाऱ्याला वाटतं खेळतायत. आमची पण तशीच निघाली. पंचवीस मिनिटांत तिने तीन घोळके बदलले आणि एकाही मुलीने तिचं नाव घेऊन हाक मारली नाही. हे वाक्य रिपोर्टमध्ये आहे, मी कितीदा वाचलं असेल देव जाणे.

निकाल सांगायला दीड तास दिला. घाई नाही. नवऱ्याने विचारलं की हे आधी का नाही दिसलं कोणाला, तर त्यांनी फार नीट समजावलं. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी बाल्टिमोरमध्ये ऑटिझमचं जे पहिलं गाजलेलं वर्णन लिहिलं त्यात 11 मुलं होती, 8 मुलगे आणि 3 मुली, बहुतेक शिकल्यासवरल्या घरातली. पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी लिहिलं ते तर चार मुलग्यांवरच. पुढे लक्षणांच्या याद्या, चाचण्या सगळं बऱ्याच अंशी मुलग्यांना बघून तयार झालं, त्या याद्यांनी शोधलं की मुलगेच सापडतात, मग म्हणायचं बघा हा मुलग्यांचाच आजार. वर्षानुवर्षं चार मुलग्यांमागे एक मुलगी असं सांगायचे, 2017 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं तर तीनास एकच्या जवळ निघालं, आणि जिथे आधी निदान झालेलीच मुलं मोजण्याऐवजी सरसकट सगळ्या मुलांची तपासणी केली तिथे फरक अजून कमी. सीडीसी म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, तिची 2022 सालची आठ वर्षांच्या मुलांची मोजणी आहे, त्यात दर 31 मुलांत एक ऑटिस्टिक आणि मुलगे मुलींच्या 3.4 पट, दोन वर्षं आधीच्या मोजणीत 3.8 पट होते, त्याच्या आधी 4.2. मुली चार वर्षांत बदलल्या नाहीत ना, बघणाऱ्यांची नजर थोडी बदलली.

आता एक वेगळी गोष्ट, जी माझ्या लेकीची नाहीये पण या सेंटरच्या वेटिंग रूममधलीच आहे आणि ती न लिहिता हा रिव्ह्यू मला पुरा वाटणार नाही.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी तिथे एक आई भेटली, नेवार्कची, ब्लॅक, तिचा मुलगा सात वर्षांचा. आम्ही दोघी तीन तास शेजारी बसलो होतो. तिने दोन वर्षांचा असतानाच डॉक्टरांना सांगितलं होतं की हा नावाने हाक मारली तर बघत नाही. तिला सांगितलं मुलगे उशिराच शिकतात. मग प्रीस्कूलमध्ये आवाज सहन न होऊन त्याने टेबल ढकललं तर घरी पाठवला, असं चारदा. मग कागदावर आलं की मुद्दाम विरोध करणारा, रागीट. पाच वर्षांचा मुलगा. माझ्या मुलीने तेच रडणं घरी केलं म्हणून ती गुणी ठरली आणि याने शाळेत केलं म्हणून हा वाईट वळणाचा ठरला. मुळात दोघांना त्रास एकच होत होता, आवाज.

मी नंतर घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं तिचा अनुभव एकटीचा नाही. 2013-14 च्या अमेरिकन सरकारी आकड्यांत प्रीस्कूलमध्ये ब्लॅक मुलं 19 टक्के होती आणि प्रीस्कूलमधून सस्पेंड केलेल्यांत 47 टक्के. प्रीस्कूल, म्हणजे तीन चार वर्षांची बाळं. फिलाडेल्फियात सरकारी मदतीवरच्या मुलांचा जुना अभ्यास आहे 2002 चा, त्यात गोऱ्या मुलांना ऑटिझमचं निदान सरासरी 6.3 व्या वर्षी आणि ब्लॅक मुलांना 7.9 व्या वर्षी. वाटेल जुनं आहे. पण 2020 मध्ये 584 ब्लॅक मुलांचा अभ्यास आला त्यात पण निदान सरासरी 65 महिन्यांना, म्हणजे पाच वर्षं पाच महिने, आणि आईवडिलांनी पहिल्यांदा काळजी बोलून दाखवल्यानंतर तीन वर्षांहून जास्त. आईला कळत नव्हतं असं नाही. आई सांगत होती. इथे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्ली इंटरव्हेन्शन मिळतं, घरी येऊन शिकवतात, आणि या मुलांची ती वर्षं नुसती वाट बघण्यात गेली.

लोक म्हणतात आता तर ब्लॅक, लॅटिनो, एशियन मुलांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त दाखवतात, मग भेदभाव कुठे राहिला. खरं आहे, सीडीसीच्या 2020 च्या मोजणीत पहिल्यांदा असं झालं आणि 2022 मध्ये पण तसंच, दर हजार गोऱ्या मुलांत 27.7 ऑटिस्टिक, ब्लॅक मुलांत 36.6, एशियन मुलांत 38.2. पण त्याच रिपोर्टमध्ये खाली बघा, निदान झालेल्या ब्लॅक मुलांत निम्म्याहून जास्त मुलांना बौद्धिक अक्षमता पण आहे आणि गोऱ्यांत साधारण एक तृतीयांश. याचा एक अर्थ असा निघतो की ज्यांची लक्षणं ठळक आहेत ती ब्लॅक मुलं आता सापडतात, पण जी बोलतात, वाचतात, ती अजूनही रागीट नाहीतर आळशी म्हणून मागे राहतात. शिवाय कॅलिफोर्नियातल्या मोजणीच्या जागी 19 मुलांत एक आणि टेक्ससमधल्या लारेडोमध्ये 103 मुलांत एक. मुलं काही इतकी वेगळी नसणार, तिथे शोधायची सोय वेगळी आहे.

त्या आईला पण इथेच पहिल्यांदा नीट ऐकून घेणारं कोणी भेटलं असं ती म्हणाली. तिला हे सेंटर तिच्या चर्चमधल्या बाईंनी सांगितलं, मला भजनी मंडळातल्या मैत्रिणीने. कोणत्याही डॉक्टरने आम्हा दोघींना इथे पाठवलं नव्हतं.

बरं, आता एक स्टार का कापला.

वेटिंग लिस्ट नऊ महिने. कोणाची किती घाई आहे हे बघून नंबर लावत नाहीत, फोन केला त्या क्रमाने. पैसे आधी भरायचे, निम्मे बुकिंगलाच. इन्शुरन्सशी त्यांचा संबंध नाही, बिल देतात, भांडायचं आपण. ज्यांच्याकडे 3,800 डॉलर बाजूला नाहीत त्यांचं काय? त्या नेवार्कच्या आईने हप्ते मागितले होते, मिळाले पण सारखं विचारावं लागलं, आणि मला वाटतं हे वेबसाइटवर मोठ्या अक्षरात असायला हवं कारण जे विचारायला लाजतात ते फोन ठेवून देतात. आधीच वाट बघून दमलेल्या लोकांनाच याचा फटका बसतो.

दुसरं, दुभाष्या. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या आणि लेकीच्या पहिल्या दोन वर्षांतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवतं कारण मी कामावर जायचे. मी तीन आठवडे आधी मराठी दुभाष्या मागितला होता. आयत्या वेळी फोनवर हिंदीचा आला. सासूबाईंना हिंदी समजतं पण बोलताना अडखळतात, नातीबद्दलचं बारीक सारीक परक्या भाषेत कसं सांगणार, दोन वाक्यं बोलून त्या म्हणाल्या तूच सांग गं, मला नाही जमत. मग मीच दुभाष्या झाले आणि माझ्याकडून काय काय गळलं असेल कोण जाणे. रात्री घरी त्यांनी मला सांगितलं की लेक दहा महिन्यांची असताना पाळण्याची दोरी तासन्‌तास बघायची, हाक मारली तरी नजर हलवायची नाही. ही गोष्ट मुलाखतीत यायला हवी होती. मी दुसऱ्या दिवशी मेल केला, त्यांनी रिपोर्टमध्ये घातलं आणि माफी पण मागितली, हे कबूल केलं पाहिजे.

तिसरं, रिपोर्ट 34 पानी आणि भाषा अवघड. आम्ही दोघं शिकलेले असून शब्द शोधत बसलो. शेवटची चार पानं शाळेने काय करावं याची आहेत, ती मात्र सोन्यासारखी, एकेक गोष्ट नीट लिहिलेली, जेवणाच्या हॉलऐवजी दहा मिनिटं लायब्ररीत बसू द्या, तोंडी सूचनांबरोबर लिहूनही द्या, गटात काम देताना तिला जोडीदार ठरवून द्या.

पैशांचा प्रश्न असेल तर हे माहीत असू दे की शाळेकडून तपासणी फुकट होते, तो कायद्याने हक्क आहे. न्यू जर्सीत शाळेच्या चाइल्ड स्टडी टीमला, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या शाळेच्याच टीमला, लेखी पत्र द्यायचं, तोंडी सांगू नका, पत्र मिळाल्यापासून 20 दिवसांत त्यांनी मीटिंग घ्यायची असते आणि तुम्ही संमती दिल्यावर 90 दिवसांत पुढचं पुरं करायचं असतं. मात्र शाळेचं वर्गीकरण आणि डॉक्टरी निदान वेगळं, इन्शुरन्सला थेरपीसाठी डॉक्टरी निदानच लागतं. आम्ही हे आधी केलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं.

भारतातून माझ्या चुलत बहिणीने विचारलं म्हणून तिच्यासाठी पण लिहिते. तिकडे सर्टिफिकेटसाठी इसा नावाची मोजपट्टी वापरतात, 40 मुद्दे, 70 किंवा त्याहून जास्त आलं की ऑटिझम, आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहेच. पण तिकडे पण मुलगी असेल तर फक्त वर्गातलं वागणं सांगून थांबू नका, घरी आल्यावरचं सांगा, आणि "मुलगी आहे, लाजते" म्हणणाऱ्या डॉक्टरांना परत एकदा विचारा की लाजते म्हणजे नक्की काय करते.

निदानानंतर आता सात महिने झाले. शाळेत आयईपी झाला, म्हणजे तिला शाळेने काय मदत द्यायची त्याचा लेखी आराखडा, आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीचा छोटा गट आहे, तिथे तीन मुली आहेत तिच्यासारख्याच, त्यातली एक कोरियन आहे, तिला पण आठव्या वर्षी कळलं. रडणं थांबलं नाहीये पण कमी झालंय, आणि आता ती स्वतः सांगते की आज खूप आवाज होता. या वर्षी मंडळाच्या गणपतीला कानावर हेडफोन लावून आली आणि आरतीला शेवटपर्यंत उभी राहिली, टाळ पण वाजवले. सासूबाईंशी परत मराठीत बोलते, अडखळते, पण आजी थांबते तिच्यासाठी.

कोणाला नंबर हवा असेल तर मला विचारा, मी देईन. फोन सोमवारी सकाळी नऊला करा, तेव्हा कॅन्सल झालेल्या तारखा देतात, आम्हाला शाळेची भेट तशीच दोन महिने लवकर मिळाली. मराठी दुभाष्या पाहिजे असेल तर मेलवर लेखी मागा आणि आदल्या दिवशी परत फोन करून मराठीच आहे ना ते विचारून घ्या. आणि जुने व्हिडिओ फोनमधून उडवू नका, नकोसे वाटले तरी.